धूर, वाढत्या इमारती आणि तुंबणारी गटारे : तक्रार एकत्र करावी की वेगवेगळी?

प्रश्न : पाणवठा

नमस्कार. आमच्या वस्तीच्या एका अंगाला कारखान्यांचा पट्टा आहे, दुसऱ्या अंगाला नाला आहे आणि मधल्या बैठ्या घरांच्या जागी गेल्या काही वर्षांत एकामागून एक उंच इमारती उभ्या राहत आहेत. रात्र चढू लागली की कारखान्यांच्या बाजूने उग्र वास येतो आणि तो पहाटेपर्यंत हटत नाही. दिवसभर खडी, वाळू आणि सिमेंट वाहणाऱ्या गाड्यांची धूळ असते. सकाळी ओल्या फडक्याने पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारी बोट फिरवले की ते करडे होते. मैलापाण्याची वाहिनी मात्र बैठ्या घरांच्या काळात टाकलेलीच आहे. रस्त्यातल्या चेंबरचे झाकण आतल्या दाबाने खडखडू लागते, मग कडेने काळे पाणी बुडबुडत बाहेर येते आणि तळमजल्यावरच्या न्हाणीघरांत उलटे चढते.

आम्ही गप्प बसलेलो नाही. वासाबद्दल तक्रार केली तेव्हा प्रत्येक कारखाना ठरवून दिलेल्या मर्यादेतच आहे असे लेखी उत्तर मिळाले. बांधकामांबद्दल विचारले तेव्हा प्रत्येक इमारतीला रीतसर परवानगी असल्याचे सांगण्यात आले. गटारांबद्दल गेलो तेव्हा निधी नसल्याचे कळले, आणि एका अधिकाऱ्याने तर, नाल्याकाठी राहायला येताना आपल्याला हे माहीत नव्हते का, असा प्रश्न केला. यातले प्रत्येक उत्तर कागदोपत्री खरे असेलही. पण ही तिन्ही उत्तरे ज्यांच्या घरात एकाच वेळी येऊन पडतात त्यांनी कोणाकडे पाहायचे, हे कोणी सांगत नाही.

आमच्यात आता दोन मते पडली आहेत. काही जणांना वाटते की तीन खात्यांकडे तीन स्वतंत्र तक्रारी नेटाने चालवाव्यात, म्हणजे कोणाला टोलवाटोलवी करता येणार नाही. इतरांच्या मते हा एकच प्रश्न आहे आणि तो एकत्रच मांडायला हवा. शिवाय आमच्यासारख्या सामान्य रहिवाशांनी पुरावा म्हणून नेमके काय गोळा करावे, हेही कळत नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद : वहीखाते

आपल्या प्रश्नाचा गाभा "प्रत्येक जण मर्यादेत आहे" या उत्तरात आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

जपानमधल्या योक्काइची या शहरात १९५९ च्या सुमारास तेल शुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांचा मोठा औद्योगिक समूह सुरू झाला. जवळच्या इसोझू या कोळ्यांच्या वस्तीत दम्याचे रुग्ण झपाट्याने वाढले. गंधकाच्या ऑक्साइडांमुळे हे होत असल्याचा संशय सर्वांना होता, पण धुराडी अनेक होती आणि अमुक रुग्णाचा दमा अमुक धुराड्यामुळे झाला असे सिद्ध करणे कोणालाही शक्य नव्हते. १९६७ मध्ये नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर एकत्रित दावा लावला. २४ जुलै १९७२ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि सहाही कंपन्यांना संयुक्तपणे जबाबदार धरले. कोणाच्या धुराचा वाटा किती, हे रुग्णांनी वेगळे काढून दाखवावे अशी अट न्यायालयाने घातली नाही. सर्वांचा धूर मिळून माणसे आजारी पडली, हे पुरेसे मानले. त्यानंतर जपानने १९७४ मध्ये गंधकाच्या ऑक्साइडांसाठी क्षेत्रवार एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालण्याची पद्धत कायद्यात आणली. प्रत्येक धुराड्याची मर्यादा पाळूनही त्या भागाची हवा विषारी होऊ शकते, हे शासनाने त्या रूपाने मान्य केले.

आपल्या वस्तीचा प्रश्न मला याच जातीचा दिसतो, आणि तो फक्त धुराला लागू नाही. प्रत्येक इमारतीला परवानगी देताना तिच्या स्वतःच्या जागेपुरती तपासणी होते. पण सगळ्या इमारतींचे मैलापाणी एकाच वाहिनीत येते, सगळ्यांच्या गाड्या एकाच रस्त्याने जातात आणि सगळ्यांच्या नळांना एकाच टाकीतून पाणी येते. ही बेरीज कोणीच मांडत नसेल, तर तिन्ही खात्यांना आपापल्या कागदावर खरे उत्तर देता येते.

म्हणून माझे मत असे आहे की अर्ज खात्यागणिक वेगळेच करावेत, कारण ज्याच्या अधिकारात जे नाही ते तो करू शकत नाही आणि एकत्र निवेदन नेमके त्याच कारणाने फाइलीत बंद होते. मात्र तिन्ही अर्जांत प्रश्न एकाच प्रकारचा विचारावा : या भागाची एकूण क्षमता किती आहे, आज त्यापैकी किती वापरली जात आहे आणि मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारतींमुळे ती किती वापरली जाईल? या प्रश्नाला "मर्यादेत आहे" हे उत्तर चालत नाही. आकडा द्यावा लागतो किंवा आकडा नसल्याचे लेखी सांगावे लागते. दुसरे उत्तर आले तर ते जपून ठेवावे, कारण क्षमता माहीत नसताना परवानग्या दिल्या गेल्या असा त्याचा अर्थ होतो.


प्रतिसाद : जलवाहिनी

मी मलनिस्सारणाच्या आखणीचे काम केले आहे, त्यामुळे गटारांपुरते लिहितो.

सर्वप्रथम एक गोष्ट तपासावी. चेंबर फक्त पावसात उसळतात की कोरड्या दिवशीही, विशेषतः सकाळी सगळे जण एकाच वेळी पाणी वापरतात तेव्हा उसळतात? हा फरक फार महत्त्वाचा आहे. फक्त पावसात उसळत असतील तर पावसाचे पाणी मैलावाहिनीत शिरत आहे : सांधे फुटलेले असतील, किंवा गच्च्यांचे आणि आवारांचे पाणी चुकीच्या वाहिनीला जोडलेले असेल. कोरड्या सकाळीही उसळत असतील तर वाहिनी गाळाने अर्धी भरली आहे किंवा तिची क्षमताच संपली आहे. "पावसामुळे तुंबते" असे आपणच अर्जात लिहिले, तर नैसर्गिक कारण म्हणून हात झटकणे सोपे जाते. म्हणून कोरड्या दिवसांच्या नोंदी आवर्जून वेगळ्या ठेवाव्यात.

इमारतींचा आणि गटारांचा संबंध दाखवण्यासाठी मोठ्या अभ्यासाची गरज नाही. पुरवलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी म्हणून परत येतो, असे धरून वाहिन्या आखल्या जातात. म्हणजे पाणीपुरवठा विभागाने नव्या इमारतींना किती पाणी मंजूर केले, हे कळले की मैलावाहिनीवर किती भार वाढला, याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. पावसाच्या पाण्याचेही तसेच आहे. गवत आणि मोकळी माती असलेल्या जागेवरून पडलेल्या पावसापैकी साधारण १० ते ३० टक्के पाणी वाहून जाते. छत, डांबर आणि काँक्रीट यांवरून ७० ते ९५ टक्के वाहते. मोकळी जागा फरसबंद झाली की तेवढ्याच पावसात नाल्याकडे कितीतरी पट पाणी जाते आणि तेही कमी वेळात. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून मोकळी जागा किती घटली हे दाखवता आले, तर तो पुरावा कोणत्याही छायाचित्रापेक्षा भक्कम ठरतो.

निधी नाही या उत्तराबद्दल आणि "माहीत नव्हते का" या प्रश्नाबद्दल रतलाम नगरपालिकेचा खटला आवर्जून वाचावा. त्या शहरातल्या एका प्रभागाच्या रहिवाशांनी उघडी गटारे, शौचालयांअभावी रस्त्यावर होणारी घाण आणि मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी यांविरुद्ध सार्वजनिक उपद्रवाच्या तरतुदीखाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. म्हणजे कारखाना आणि नागरी सेवा हे दोन्ही विषय एकाच अर्जात होते. नगरपालिकेने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक हाच होता की लोक तिथली अस्वच्छता माहीत असूनही आपल्या मर्जीने राहायला आले, आणि दुसरा मुद्दा पैसे नसल्याचा. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेचे अपील मान्य केले नाही. आर्थिक असमर्थता हे मूलभूत कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही असे स्पष्ट केले आणि गटारे, शौचालये व साफसफाईसाठी मुदतीसह आदेश दिले. एकत्र मांडणी करावी असे म्हणणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या बाजूने हे मोठे उदाहरण आहे. वर वहीखाते यांनी वेगळ्या अर्जांचा सल्ला दिला आहे आणि कार्यालयांपुरता तो योग्यच आहे. पण दंडाधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयासमोर जाण्याची वेळ आली तर सर्व उपद्रव एकत्रच मांडावा, असे मला वाटते.


प्रतिसाद : उत्तररात्र

पुराव्याबद्दल विचारले आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण रहिवाशांची बाजू बहुतेक वेळा इथेच लंगडी पडते.

वासाची नोंद वास येत असतानाच करावी. नाक काही मिनिटांत सरावते आणि मग वास गेला असे वाटते. वेळ, घराची जागा, वासाचे वर्णन (सडक्या अंड्यासारखा, जळक्या रबरासारखा, रंगासारखा), वाऱ्याची दिशा, आणि डोळे चुरचुरणे, खोकला असा कोणता त्रास झाला, इतके पुरे. वर्णन महत्त्वाचे अशासाठी की सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडकडे निर्देश करतो आणि तो वायू कारखान्यातूनच नव्हे, तुंबलेल्या मैलावाहिनीतूनही येतो. आपल्या वस्तीत दोन्ही शक्यता आहेत, तेव्हा आधीच एकाकडे बोट दाखवले आणि तपासणीत दुसरे निघाले, तर पुढच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणखी एक सावधगिरी : रात्री वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर वर न जाता खालीच साचतो. त्यामुळे रात्री वास जास्त येतो, एवढ्यावरून कारखाने रात्री गुपचूप काही सोडतात असे सिद्ध होत नाही. सोडतही असतील, पण त्यासाठी वाऱ्याच्या दिशेची जोड हवी. अनेक घरांतून एकाच वेळी नोंदी झाल्या आणि त्या नकाशावर मांडल्या, तर वास कोणत्या बाजूने पसरतो ते आपोआप दिसते.

धुळीसाठी बाजारात मिळणारी छोटी संवेदक यंत्रे उपयोगी आहेत, पण त्यांच्या मर्यादा समजून घ्याव्यात. ती प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, त्यामुळे दमट हवेत आकडा वाढवून दाखवतात. बांधकामाची धूळ मुख्यतः जाडसर कणांची असते आणि ते कण ही स्वस्त यंत्रे नीट पकडत नाहीत. म्हणजे खिडकीवर धुळीचा थर दिसत असतानाही यंत्राचा आकडा साधारण असू शकतो, आणि तोच आकडा उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. यंत्र काही दिवस अधिकृत मापन केंद्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी घ्यावी : अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम.

नळाच्या पाण्याचा नमुना घेतानाही पद्धत चुकली तर निष्कर्ष चुकतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि गंज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही, त्यामुळे जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी सुरक्षित असल्याचे त्यांना सांगितले जात होते. तिथल्या अधिकृत नमुना पद्धतीत आदल्या रात्री नळ काही वेळ वाहू देण्याची सूचना होती, ज्यामुळे शिशाचे प्रमाण कमी दिसते. रहिवाशांनी विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने घरोघरी शेकडो नमुने शास्त्रशुद्ध रीतीने घेतले तेव्हा खरे चित्र समोर आले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पाण्याचा स्रोत पुन्हा बदलावा लागला. आपल्याकडे दाब कमी असताना शेजारच्या मैलावाहिनीतले पाणी पिण्याच्या वाहिनीत ओढले जाण्याचा धोका असतो, म्हणून आपण जिवाणूंची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावा.

राहिला आजारपणाचा मुद्दा. लंडनमध्ये एला अडू किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने चिकाटी सोडली नाही. रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळा आणि जवळच्या केंद्रावरची प्रदूषणाची वाढ यांची सांगड एका तज्ज्ञाने घालून दाखवली, पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झाली. तारखा असलेले कागद होते म्हणूनच हे शक्य झाले. आपल्या वस्तीतल्या लोकांनी दवाखान्याची चिठ्ठी टाकून देऊ नये, हे मी हात जोडून सांगेन.


प्रतिसाद : पाणवठा

सर्वांचे मनापासून आभार. कोरड्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या हे आमच्या लक्षात आले नव्हते. चेंबर कोरड्या सकाळीही उसळतात, हे तळमजल्यावरच्या बायकांनी अनेकदा सांगितले आहे, पण अर्जात आम्ही ते कधी लिहिले नाही.

दोन शंका उरतात. वस्तीतली बरीच घरे त्याच कारखान्यांच्या पगारावर चालतात. ती माणसे रात्री आमच्याबरोबर खोकतात, पण सही करायला कचरतात, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. दुसरे असे की नव्या इमारतींतल्या लोकांशी आमचे संबंध बिघडू लागले आहेत. सगळे यांच्यामुळेच झाले, असे सभांमध्ये उघडपणे बोलले जाते. यातून मार्ग कसा काढावा?


प्रतिसाद : साधा नागरिक

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते मला अधिक तातडीचे वाटते. नव्या इमारतींतल्या लोकांना कृपया प्रतिपक्ष मानू नका. त्यांनी आयुष्याची कमाई घालून घर घेतले, त्याच वाहिनीत त्यांचे मैलापाणी जाते, त्याच हवेत त्यांची मुले वाढतात आणि पाण्याचे आश्वासन त्यांनाही दिले गेले होते. वाहिनी न वाढवता परवानग्या देणे हा निर्णय त्यांचा नव्हता. शिवाय व्यवहाराच्या अंगानेही पाहा : घर घेताना मिळालेल्या माहितीपत्रकांत आणि करारांत कोणत्या सुविधा कधी देणार, हे लिहिलेले असते, ती कागदपत्रे त्यांच्याकडेच आहेत आणि वाढलेल्या भाराचा अर्धा पुरावा त्यांतच सापडेल. जुन्या आणि नव्या वस्तीची वेगळी निवेदने गेली तर दोघांना परस्परांविरुद्ध उभे करणे फार सोपे आहे.

कारखान्यातल्या कामगारांबद्दल आपण जो समंजसपणा दाखवला, तो टिकवून ठेवा. जपानमधल्याच मिनामाता शहरात पारा समुद्रात सोडणारी कंपनी हीच गावाची मुख्य पोशिंदी होती. १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पण सरकारने कंपनीचे सांडपाणी हे त्याचे कारण असल्याचे मान्य करायला १९६८ साल उजाडले. एवढी वर्षे पीडित मच्छीमार गावात जवळजवळ एकटे होते. १९६८ मध्येच त्या कंपनीतल्या एका कामगार संघटनेने, आजवर या रोगाशी लढलो नाही याची आम्हाला लाज वाटते, असा ठराव केला आणि पीडितांच्या बाजूने उभे राहण्याचे ठरवले. कामगार आणि पीडित एकत्र येऊ शकतात, पण त्यांना जागा ठेवावी लागते. आपल्या मागणीत कारखाने बंद करा हे वाक्य असेल तर ती जागा उरत नाही. धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा सतत चालू ठेवावी, तिच्या वीजवापराची नोंद आणि सततच्या मापनाचे आकडे रहिवाशांना पाहता यावेत, अशी मागणी असेल तर आतला माणूस मनातून आपल्याबरोबर असतो. धूर त्याला आपल्याहून जवळून लागतो. त्याची सही मागू नका. वासाच्या नोंदवहीत नावाऐवजी घराचा भाग लिहिला तरी चालते, आणि सह्या ज्यांची उपजीविका या वादावर अवलंबून नाही अशा निवृत्त आणि बाहेर नोकरी करणाऱ्या लोकांनी कराव्यात.

लिहिताना हेतूंविषयी आरोप करू नयेत. लाच दिली, संगनमत केले अशी विधाने पुराव्याशिवाय केली की बदनामीचा दावा येतो, आणि पुढची वर्षे प्रदूषणाऐवजी त्या दाव्यात जातात. अमुक वेळी अमुक ठिकाणी हे दिसले, यावर कोणी दावा लावला तरी तो टिकणे कठीण असते.

एका बाबतीत मात्र वरच्या सर्वांहून माझा भर वेगळा आहे. आतापर्यंतची चर्चा झालेल्या नुकसानीभोवती आहे. आपल्या भागात अजून इमारती मंजूर व्हायच्या असतील, तर खरी वेळ आत्ताची आहे. युरोपातल्या १९९८ च्या आर्हुस या पर्यावरणविषयक करारात लोकसहभाग सुरुवातीलाच, म्हणजे सर्व पर्याय खुले असताना द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्यामागचे कारण सर्वत्र सारखेच आहे : पाया भरल्यावर ऐकलेली हरकत ही केवळ ऐकलेली हरकत राहते. आराखड्यांच्या आणि परवानग्यांच्या जाहीर सूचना कुठे लागतात, हे पाहून दर आठवड्याला त्या वाचण्याचे काम दोन माणसांकडे सोपवावे. हरकतीची मुदत बहुतेक वेळा लहान असते आणि ती गेली की उत्तम पुरावाही उशिरा आला म्हणून बाजूला ठेवला जातो. कोरड्या दिवसांच्या नोंदी, मंजूर पाण्याचा हिशेब आणि मोकळ्या जागेचा नकाशा ही सामग्री त्या हरकतीला जोडली, तर वाहिनीची क्षमता वाढेपर्यंत नवी जोडणी देऊ नये ही मागणी केवळ नाराजी म्हणून फेटाळता येणार नाही.


प्रतिसाद : वहीखाते

साधा नागरिक यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. हरकतीचे काम आधी घ्यावे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली होती. तिन्ही अर्जांची उत्तरे आली की तिन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांची संयुक्त स्थळपाहणी मागावी, आणि ती सकाळी पाणी येण्याच्या वेळेची मागावी, कारण दुपारी चेंबर शांत असतात. पाहणीला नव्या इमारतींचे प्रतिनिधी बरोबर असावेत. पाहणीत जे दिसले आणि जे कबूल झाले त्याचे इतिवृत्त खात्याने दिले नाही, तर आपणच त्याच दिवशी ते लिहून काढावे, उपस्थितांची पदे नमूद करावीत, तिन्ही कार्यालयांच्या आवक विभागांत देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी आणि यात काही चूक असल्यास कळवावे, असे त्यात विनंतीपूर्वक लिहावे.


प्रतिसाद : पाणवठा

नव्या इमारतींच्या समित्यांना आज निरोप धाडला आहे. कोरड्या सकाळच्या नोंदींची वही तळमजल्यावरच्या बायकांनीच ठेवायचे मान्य केले आहे. जलवाहिनी, मंजूर पाण्याचे आकडे हाती आल्यावर हिशेब इथेच मांडेन. कृपया तो एकदा तपासून द्यावा.